मुलांना आपली कसरत आपण रचू द्या

शेतकऱ्याच्या घरी खोंड जन्मले की त्याला कोणी लगेच नांगराला जुंपत नाही. आधी ते मोकळे हुंदडते, मग त्याच्या मानेवर नुसते जू ठेवून त्याची सवय करतात, मग रिकामी गाडी, आणि त्यानंतर ओझे. जनावराच्या बाबतीत आपण एवढा विचार करतो. आपल्या मुलांच्या शरीराच्या बाबतीत मात्र दोन टोके दिसतात. एक तर त्यांच्याकडे लक्षच नसते, नाही तर शाळेच्या संमेलनाला पंधरा दिवस उरले की अचानक त्यांना मनोऱ्यावर चढवले जाते. या दोन्हींच्या मधली वाट कोणती, हे आज या पानावर पाहू. ती वाट म्हणजे लहान मुलांचे साधे जिम्नॅस्टिक्स, आणि तेही मुलांनी स्वतः रचलेले.

शेतातल्या पोराला व्यायाम कशाला?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पोर गुरांमागे धावते, पाणी आणते, निंदायला बसते, मग आणखी व्यायाम कशाला? उत्तर असे की काम वेगळे आणि व्यायाम वेगळा. कामात तेच ते अवयव त्याच त्या रीतीने वापरले जातात. निंदणाऱ्याची कंबर वाकते, पण पाठ मागे ताणली जात नाही. घागर उचलणाऱ्या मुलीचा एक खांदा सारखा झुकतो. शिवाय आता गावातही मुले पूर्वीइतकी हिंडत नाहीत. शाळेची गाडी दारात येते आणि संध्याकाळ मोबाईलपुढे जाते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिला आहे. तो शहरातल्या मुलांइतकाच आपल्याही मुलांना लागू आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. शेतातली मुले पडतात. चिंचेवरून पडतात, बैलगाडीच्या साट्यावरून पडतात, माळवदावरून पडतात. पडणारे मूल बहुधा हात ताठ करून जमिनीला लावते आणि मनगट किंवा कोपर मोडून घेते. ज्याला अंग गोळा करून हनुवटी छातीला लावून लोळता येते, ते मूल त्याच पडण्यातून पुष्कळदा खरचटण्यावर सुटते. म्हणून कोलांटी हा नुसता खेळ नाही. पडायचे कसे याचे ते शिक्षण आहे.

ही विद्या परकी नाही

जिम्नॅस्टिक्स म्हटले की आपल्याला साहेबी खेळ वाटतो. पण मल्लखांब हे आपल्याच मातीतले जिम्नॅस्टिक्स आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या व्यायामात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. हे कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबादहून मुंबईच्या हमरस्त्याने निघाले की ते वाटेवरच लागते.

मधल्या काळात ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातले बाळंभटदादा देवधर यांनी ती पुन्हा उभी केली. परंपरेने सांगतात ती हकीकत अशी. निजामाच्या राज्यातले अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले, तेथे लाकडी खांबावर अंग घटवले, आणि परतून त्यांनी कुस्ती जिंकली. हकीकतीतला तपशील किती खरा हे बाजूला ठेवू. बोध असा की चपळपणा आणि तोल ही शिकून मिळवायची गोष्ट आहे, ती नुसती जन्माने येत नाही.

पुढे अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन आपले देशी व्यायाम दाखवले. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मुलींना, दिव्यांगांना आणि अनाथ मुलांनाही मल्लखांबावर आणले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

आणि आमच्या हैदराबादचे उदाहरण तर ताजेच आहे. येथील लालबहादूर स्टेडियममध्ये सराव करून वाढलेली अरुणा बुद्दा रेड्डी हिने फेब्रुवारी २०१८ मध्ये मेलबर्न येथे व्हॉल्ट या प्रकारात कांस्यपदक मिळवले. जिम्नॅस्टिक्सच्या विश्वचषक मालिकेत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याआधी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्रिपुराची दीपा कर्माकर याच प्रकारात चौथी आली आणि १५ शतांश गुणांनी तिचे पदक हुकले. दीपाचे तळपाय जन्मतः सपाट होते. जिम्नॅस्टला ही मोठी अडचण समजतात. तरी ती तेथवर पोहोचली.

आपल्या मुलांना पदके मिळावीत असे येथे सुचवायचे नाही. गावच्या मैदानावर जे शिकवायचे ते यापेक्षा फार साधे आहे. पण त्याची मुळे चांगल्या जमिनीत आहेत, एवढे ध्यानात असावे.

कसरतीची रचना म्हणजे काय?

मोठ्या स्पर्धेत जमिनीवरची कसरत १२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशा चौकोनात करतात. मुलींची कसरत संगीतावर, जास्तीत जास्त ९० सेकंदांची असते. त्यात उड्या, गिरक्या, तोल आणि कोलांट्या एकात एक गुंफलेल्या असतात. सुट्या कोलांट्या म्हणजे सुटी फुले आणि रचना म्हणजे हार. दोरा नसेल तर फुले कितीही चांगली असली तरी गळ्यात पडत नाहीत.

लहान मुलांसाठी हा हार छोटा करावा. ५-६ वर्षांच्या मुलाला चार हालचाली पुरे. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला सहा. एकूण वेळ २०-३० सेकंद. सुरुवातीला एक पवित्रा आणि शेवटी एक पवित्रा, म्हणजे पाहणाऱ्याला कळते की आता आरंभ झाला आणि आता संपले.

जागा आणि साहित्य

सारवलेले अंगण दिसायला मऊ, पण कोलांटीसाठी ते कठीणच. आखाड्याची भुसभुशीत तांबडी माती सर्वांत चांगली. ती नसेल तर कापसाच्या दोन जुन्या गाद्या एकमेकींना घट्ट शिवून घ्याव्यात आणि वर सतरंजी ताणून बांधावी. दोन गाद्यांमध्ये फट राहिली तर तीत पाय अडकून मुरगळतो. पोत्यात पेंढा भरून केलेली गादी लोळायला चालते, पण उडी मारून उतरायला नको, कारण ती जागोजागी दबते आणि घोटा वाकडा पडतो. खडे, काचा, बाभळीचे काटे रोज आधी वेचावेत. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे.

तोलासाठी चुन्याची चार बोटे रुंद रेघ पुरे. स्पर्धेतला तोलाचा लाकडी दांडा १० सेंटिमीटर रुंदच असतो, म्हणजे आपली रेघ तेवढीच झाली. फरक इतकाच की तो दांडा जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो आणि आपली रेघ जमिनीवर, म्हणून पडण्याचे भय नाही.

पोटभर जेवणानंतर निदान दोन तास कसरत नको. सकाळी शाळेआधी किंवा ऊन कलल्यावर अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, एवढे पुरे. शिकवणारा कोणीही असो, गुरुजी, बाई किंवा गावातला जाणता तरुण, त्याने एका वेळी सात-आठांहून जास्त मुले घेऊ नयेत.

आधी अक्षरे, मग वाक्य

पहिले दोन आठवडे रचनेचे नावही काढू नये. अंग मोकळे करण्यासाठी प्राण्यांच्या चाली घ्याव्यात. बेडूकउडी, खेकड्यासारखे हातापायांवर उलटे चालणे, अस्वलासारखे चार पायांवर चालणे, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहणे. मुलांना यात खेळ वाटतो आणि मनगटे, खांदे व पोटाचे स्नायू न कळत तयार होतात.

मग एकेक हालचाल नीट बसवावी.

उडी: दोन्ही पायांवर उडून दोन्ही पायांवर उतरावे. उतरताना गुडघे वाकलेले, गुडघे आणि पायाची बोटे एकाच दिशेला, हात पुढे. मुलांना एकच कसोटी सांगावी, उतरताना आवाज होता कामा नये. ज्याचा आवाज होतो त्याने गुडघे ताठ ठेवले असे समजावे. उंचावरून उडी मारायची तर ती उंची मुलाच्या स्वतःच्या गुडघ्याहून जास्त नको.

तोल: बगळा साधल्यावर विमान. एक पाय मागे उचलून, हात पसरून, पुढे झुकायचे. नजर समोर एका ठिकाणी रोखली की तोल टिकतो. तीन आकडे मोजेपर्यंत थांबता आले की झाले.

आडवे लोळणे: हात डोक्यावर ताणून लाकडाच्या ओंडक्यासारखे सरळ लोळत जायचे. कोलांटीच्या आधी हे आलेच पाहिजे.

कोलांटी: उकिडवे बसावे. दोन्ही तळहात खांद्याएवढ्या अंतरावर पुढे टेकावेत. हनुवटी छातीला चिकटवावी. हनुवटीखाली चिंधी धरायला सांगितली आणि ती पडू द्यायची नाही असे बजावले की मूल बरोबर मान वळवते. मग ढुंगण उचलून अंगाचा गोळा करावा आणि पाठीवरून लोळत पायांवर यावे. डोक्याचा माथा जमिनीला लागता कामा नये. भार हातांवरून थेट खांद्यांच्या मागे आणि पाठीवर गेला पाहिजे. शिकवणाऱ्याने बाजूला गुडघ्यावर बसावे, एक हात मुलाच्या मानेमागे हलका ठेवून डोके आत वळवावे आणि दुसऱ्याने मांडीला आधार द्यावा. मागून ढकलणे अगदी वर्ज्य. किंचित उतारावर गादी टाकली तर कोलांटी सोपी जाते.

गिरकी: दोन्ही पायांच्या बोटांवर उभे राहून आधी अर्धा वळसा, मग पूर्ण.

रचना मुलानेच करावी

आता मुख्य भाग. बहुतेक ठिकाणी मोठी माणसे सगळे ठरवतात आणि मुले शिट्टीवर हलतात. ती कवायत झाली. कवायतीचाही उपयोग आहे. पण मुलाने स्वतः ठरवले की त्याला हालचाल डोक्यात धरावी लागते, क्रम लावावा लागतो, जमले नाही तर बदलावा लागतो. अंगाबरोबर बुद्धीचाही व्यायाम होतो. स्वतः रचलेले मूल विसरत नाही.

ज्याला लिहिता येत नाही त्यालाही हे जमते. घरातली चार प्रकारची बी घ्यावी. चिंचोका म्हणजे उडी, भुईमुगाची शेंग म्हणजे लोळणे किंवा कोलांटी, मक्याचा दाणा म्हणजे तोल, सीताफळाची बी म्हणजे गिरकी. मुलाला सुपात किंवा ताटात आपल्या मनासारखी ओळ मांडू द्यावी. नियम दोनच. एक, चारही प्रकारची बी निदान एकदा यावी. दोन, तेच बी शेजारी-शेजारी येऊ नये. मग मुलाने ओळ पाहून गादीवर करून पाहावी.

करून पाहिले की सांधे कुठे अडतात ते त्याचे त्यालाच कळते. उदाहरणार्थ, कोणी गिरकीनंतर लगेच तोल मांडतो आणि धडपडतो. का? आपल्या कानाच्या आत बारीक नळ्यांत पाणी असते. अंग फिरले की ते फिरू लागते आणि अंग थांबले तरी थोडा वेळ फिरतच राहते. घागर गरकन फिरवून थांबवली तरी आतले पाणी फिरत असते, तसेच हे. तोवर मेंदूला वाटते की आपण अजून फिरतोच आहोत, म्हणून एका पायावर उभे राहवत नाही. हे समजावून सांगितले की मूल स्वतःच मक्याचा दाणा उचलून दुसरीकडे ठेवते.

तसेच कोलांटीनंतर मूल उकिडवे येते आणि गुडघे वाकलेलेच असतात, म्हणून तेथून उडी सहज निघते. विमानातून पाय खाली टाकला की एक पाऊल पुढे पडते, म्हणून त्यानंतर वाकून कोलांटी घेता येते. हे सांधे मुलांना आयते सांगू नयेत. दोनदा अडखळू द्यावे, मग विचारावे, “येथे काय ठेवले तर बरे होईल?”

नमुन्यादाखल एक रचना अशी होईल. हात वर करून पवित्रा. चार पावले धावून सरळ उडी. एक पाऊल टाकून विमान, तीन आकडे. पाय खाली टाकून कोलांटी. उठता उठता अंग ताणून उडी. अर्धी गिरकी. हात पसरून शेवटचा पवित्रा, दोन आकडे स्थिर. पण ही नक्कल करायला देऊ नये. दहा मुलांच्या दहा रचना झाल्या पाहिजेत.

क्रम बसला की आठ आकड्यांच्या मोजणीवर किंवा हलगीच्या ठेक्यावर तो करवून घ्यावा. ताल आला की घाई आपोआप थांबते. दहा वर्षांपुढच्या मुलांना जोडी लावून द्यावी. दोघांनी समोरासमोर एकच रचना केली की एकमेकांकडे पाहून वेग सांभाळण्याची सवय लागते.

चारचौघांत करणे

शेवटी रचना इतरांपुढे करावी. गावजेवणाचा दिवस असो, शाळेचे संमेलन असो किंवा चर्चच्या सणाची संध्याकाळ असो. लाजाळू मुलाला आधी दोन मित्रांपुढे, मग वर्गापुढे आणावे. मध्येच विसरले तर काय करायचे हे आधीच शिकवावे. थांबायचे नाही, रडायचे नाही, एक उडी मारून शेवटचा पवित्रा घ्यायचा. पाहणाऱ्याला काही कळतही नाही.

लहानांना गुण देऊ नयेत, नंबर काढू नयेत. पाहणाऱ्या मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात. सुरुवात कुठे झाली? सर्वांत छान काय वाटले? कुठे तोल गेला? पाहायला शिकलेले मूल करायलाही लवकर शिकते.

जाड मूल, एका पायाने अधू मूल, दिसायला कमी असलेले मूल यांना कडेला बसवू नये. ज्याला कोलांटी येत नाही त्याची रचना लोळणे आणि बसून केलेले तोल यांची होईल. चार बिया त्याच्याही सुपात आहेतच. मुलींना दहाव्या वर्षी “आता पुरे” म्हणून घरी बसवण्याची आपल्यात रीत आहे. ती सोडावी. मुलींनी सलवार किंवा पायजमा घालून, केस बांधून, बांगड्या काढून यावे, म्हणजे अडचण राहत नाही.

हे कधीही करू नये

लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. म्हणून लहानांना डोक्यावर उभे करू नये. कमानीसाठी पाठ दाबून वाकवू नये. पाय फाकवताना वरून भार देऊ नये. मुलांचे मनोरे दोन थरांपुढे नेऊ नयेत आणि वरचे मूल खालच्याच्या गुडघ्या-मांडीहून वर नको. दहीहंडीच्या थरांत १४ वर्षांखालील मुलांना चढवणार नाही, अशी हमी महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली. हा नियम संमेलनाच्या रंगमंचालाही आपणच लावून घ्यावा. टाळ्या एका मिनिटाच्या असतात, मोडलेली मान जन्माची. जागतिक स्पर्धेतही वरिष्ठ गटात मुलीला त्या वर्षी १६ पुरी व्हावी लागतात. मग आपल्याला सातव्या वर्षी घाई कशाची?

मूल मानेवर पडले आणि मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात म्हणाले, तर त्याला उठवून बसवू नये. डोके आहे तसेच स्थिर धरावे आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा मूल असंबद्ध बोलू लागले तर त्याच घडीला दवाखाना गाठावा.

हातपाय सुजला तर तो ओढू नये, चोळू नये. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. तो दुखावून वाकडा बसला तर हात जन्मभर वाकडा वाढतो. कामट्या घट्ट आवळून बांधल्याने रक्त थांबून बोटे काळी पडतात आणि हात कापण्याची पाळी येते. म्हणून हाडवैद्याकडे न जाता हात फळीच्या आधाराने सैल बांधून सरकारी दवाखान्यात न्यावा आणि एक्स-रे काढावा.

पोटात काय पडते?

आमच्या तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला लहानशी सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. आपला मराठवाडा तेव्हा नुकताच हैदराबाद राज्यातून वेगळा झाला होता. २०२४ साली या संस्थेने भारतीयांसाठी आहाराचा नवा सल्ला प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा की आपण धान्य फार खातो आणि बाकीचे थोडे. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच धान्यातून यावी, उरलेली डाळी, दूध, अंडी, भाज्या, फळे, शेंगदाणे यांतून यावी.

कसरत करणाऱ्या मुलाला बाजारातली पावडर नको. भाकरीबरोबर वाटीभर घट्ट वरण किंवा पिठले, एखादे अंडे, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे व गूळ आणि पेलाभर दूध एवढे शेतकऱ्याच्या घरात निघते. अडचण एवढीच की अंडी आणि दूध बाजारात जातात आणि पोरांच्या ताटात भाकरी व चटणी राहते. विकण्याआधी मुलांचा वाटा बाजूला काढून ठेवावा. बियाणे आपण असेच बाजूला काढतो ना?

थोडक्यात

दोन गाद्या, चुन्याची रेघ, चार प्रकारचे बी आणि आठवड्याचा दीड तास, एवढे भांडवल पुरेसे आहे. आधी पडायला शिकवा, मग लोळायला, मग तोल धरायला. क्रम मुलाला लावू द्या. उंची वाढवू नका, सफाई वाढवा. सुट्टी लागली की गावातल्या दोन तरुणांनी हे काम हाती घ्यावे आणि आयाबायांनी एखादी जुनी गादी द्यावी.